वीस आणि पन्नास वर्षांच्या मधली घरची गाडी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरील वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढवले आणि त्याच सुमारास वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सगळीकडे मिळू लागले. तेव्हापासून सोलापुरातल्या जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात उभ्या असलेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्या भंगारात निघाल्याचे वरचेवर कानावर येते. विचारले तर ‘सरकारच पंधरा वर्षांनंतर गाडी ठेवू देत नाही’ असे उत्तर मिळते. ते खरे नाही. ज्यांना गाडी ठेवायची मनापासून इच्छा आहे, त्यांनीही केवळ ऐकीव माहितीपायी ती वजनावर विकावी, हे पाहवत नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की जुन्या घरगुती गाडीचा निकाल तिच्या वयावर न लावता तिच्या अवस्थेवर लावला जावा. मात्र असा न्याय मागणाऱ्या मालकाने आधी आपली गाडी त्या कसोटीला उतरेल अशी ठेवली पाहिजे, आणि ते काम बऱ्याच अंशी घरच्या घरी होण्यासारखे आहे.

प्रथम नियमांविषयी. पेट्रोलच्या पंधरा आणि डिझेलच्या दहा वर्षांवरील गाड्यांबाबतचे जे न्यायालयीन आदेश गाजले, ते दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते होते. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांची जी सक्ती आली, ती सरकारी वाहनांना. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, त्यानंतर गाडी तपासून दर वेळी पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. त्यासाठी नमुना 25 मधील अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करायचा असतो. मुदत उलटली, तर मोटारीला दरमहा 500 रुपये विलंब शुल्क चढत जाते आणि वर्षानुवर्षे कागदपत्रांकडे न पाहिलेल्या कुटुंबाला हीच रक्कम मूळ शुल्कापेक्षा जड जाते. मूळ शुल्क 1 एप्रिल 2022 रोजी 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले आणि आता वीस वर्षांवरील मोटारीला ते 10,000 रुपये आहे. वस्तू व सेवा कर, पर्यावरण कर आणि नव्या सुरक्षित नंबरप्लेटचा खर्च वेगळा. रक्कम लहान नाही, पण ती भरून गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर ठेवता येते, ही गोष्ट भंगारवाला सांगणार नाही.

आता अडचण कुठे आहे ते पाहू. जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, मोठा फेरफार न झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि फेरनोंदणीला 5,000 रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षांची आहे आणि नंबरप्लेटवर ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, नेहमीच्या वापराला नाही. तरतूद चांगलीच आहे, परंतु ती कुणाच्या उपयोगाची? प्रीमियर कंपनीच्या गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव 1974 मध्ये मिळाले. म्हणजे अगदी पहिल्या पद्मिनीलाही पन्नाशी गाठायला 2024 उजाडले. आपल्याकडे घरोघर ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या बहुतेक 1980 आणि 1990 च्या दशकांतल्या. नियमाच्या दृष्टीने त्या केवळ जुन्या आहेत, जपण्यासारख्या नाहीत. वीस वर्षांवरील म्हणून चढे शुल्क आणि पन्नासच्या आतील म्हणून कोणतीही मान्यता नाही, अशा मधल्या कप्प्यात त्या अडकल्या आहेत. नियमाने त्यांना मान देण्याची वेळ येईपर्यंत त्यांतल्या किती शिल्लक राहतील, असा प्रश्न आहे.

जुन्या गाड्यांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ तीस वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या आणि रोजच्या दळणवळणासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. जर्मनीत तीस वर्षांच्या सुस्थितीतील गाडीला तपासणीनंतर ‘एच’ अक्षराची वेगळी नंबरप्लेट मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर वाहनकर माफ होतो. आपल्याकडेही पन्नासची अट तीसवर आणावी, वापर मर्यादित ठेवावा, आणि सवलत द्यायची की नाही हे कडक तपासणीवर ठरवावे, अशी माझी सूचना आहे. तपासणीत जी गाडी टिकणार नाही तिला सवलत नको, या मताचा मी आहे. जुनी आहे म्हणून धूर सोडत, ब्रेकशिवाय फिरणाऱ्या गाडीची बाजू घेण्यासाठी हे पत्र नाही.

हे सोलापूरकरांनी बोलण्याला एक विशेष कारण आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली याच शहरात झाला. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग या देशात उभे करण्याचा ध्यास घेतलेल्या या माणसाने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100, नंतर ‘डिलाइट’, ‘प्रेसिडेंट’ आणि अखेरीस ‘पद्मिनी’ बाहेर पडल्या. वालचंदांच्या नावाची महाविद्यालये सोलापुरात आहेत. त्यांच्या कारखान्याची एखादी चालती गाडी शहराने अभिमानाने दाखवावी, असे मात्र कुणाला सुचलेले दिसत नाही. पण पुतळे आणि संग्रहालये हा या पत्राचा विषय नाही. ज्या गाडीतून पुढच्या सलग बाकावर तिघे आणि मागे चौघे-पाच जण दाटीवाटीने बसून तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर झाले, ती कुटुंबाची गाडी घरातच कशी टिकवावी याविषयी, सूतगिरणीच्या देखभाल विभागात आयुष्य गेलेला माणूस म्हणून मला काही सांगायचे आहे.

लोक सुरुवात रंगापासून करतात. डेंटर-पेंटरकडे गाडी जाते, चकचकीत होऊन येते, दसऱ्याला हार घालून फोटो निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात दाराखालून तोच गंज फुगून वर येतो. पद्मिनीला वेगळी लोखंडी चासी नाही. पत्र्याचे संपूर्ण अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालची पोकळ पट्टी, पायाखालचा पत्रा, मागच्या कमानी स्प्रिंगा जिथे अडकवल्या आहेत त्या जागा आणि जॅक लावण्याची ठिकाणे कुजली असतील, तर तो केवळ दिसण्याचा दोष राहत नाही, गाडीची ताकदच गेलेली असते. परीक्षा सोपी आहे. एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने आणि चाकांच्या कमानींवरून हळूहळू फिरवावे. जिथे तो पकड सोडतो, तिथे आत लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरलेली असते, पत्रा नसतो. मग रबरी मॅट आणि त्याखालचा जुना डांबरी कागद उचलून, टोकदार पेचकसाने खालचा पत्रा टोचून पाहावा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भसकन आत जातो. कुजलेला भाग पूर्ण कापून, नवा पत्रा वेल्डिंगने बसवून, आतल्या पोकळीत गंजरोधक मेणासारखे द्रव्य फवारणे, हाच खरा उपाय. फाटक्या पत्र्यावर जाळी आणि लांबी थापून वर रंग देणाऱ्या कारागिराला पैसे देऊ नयेत. हे वेल्डिंगचे काम घरी करण्याचे नाही, पण पत्रा कुठे कुजला आहे हे शोधून, खडूने खुणा करून मगच गाडी वेल्डरकडे नेणे मालकाच्या हातात आहे. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने किनाऱ्यावरच्या गाड्यांपेक्षा आपल्या गाड्यांचा पत्रा जास्त टिकतो, हे आपले भाग्य. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात गाडी रोज पाइपने धुण्याचा मोह कुणाला होत नाही, हीही गंजाच्या दृष्टीने इष्टापत्तीच म्हणायची.

झाकण्यासाठी प्लॅस्टिकचे आवरण घालू नये. रात्री त्याच्या आत घाम धरतो आणि तो टपावरून, काचेच्या रबरातून खाली झिरपत राहतो. छताखाली उभ्या गाडीवर सुती कापड उत्तम, आणि सोलापुरात राहून सुती चादर शोधायला कुठे जावे लागत नाही.

पत्र्यानंतर ब्रेक. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि जुन्या मॉडेलांत एकाच मास्टर सिलिंडरवर (पेडलचा दाब तेलातून चाकांकडे पाठवणाऱ्या नळकांड्यावर) चारही चाकांचे ब्रेक चालतात. एका चाकाशी गळती झाली की पेडल थेट जमिनीला टेकते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत व्हील सिलिंडरची (प्रत्येक चाकाशी ब्रेक दाबणाऱ्या लहान सिलिंडरची) रबरे आळलेली किंवा फुगलेली असतात आणि पिस्टन आत चिकटलेले असतात. म्हणून अशी गाडी चालू करून पाहण्याच्या उत्साहात आधी गल्लीत फेरी मारू नये. चारही ड्रम काढावेत, सिलिंडरची रबरे बदलावीत, लवचिक होज पाइप तर न पाहताच बदलावेत, कारण ते बाहेरून धडधाकट आणि आतून सुजून बंद झालेले असू शकतात. ब्रेकच्या जुन्या लायनरांत (ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांत) श्वासाला घातक अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रममधली काळी धूळ फुंकरीने किंवा कंप्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि मग सिलिंडर आतून गंजतात, म्हणून चालत्या गाडीतही ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. त्याच्या जागी चुकूनही इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणते तेल घालू नये. त्याने सगळी रबरे फुगून निकामी होतात.

ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढणे हे काम मात्र घरातल्या माणसांनी मिळून करावे असेच आहे. एक जण स्टिअरिंगमागे, दुसरा चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक, म्हणजे मागचे डावे, आधी घ्यायचे. चाकामागच्या हवा काढण्याच्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक काचेच्या बरणीत थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचे. ‘दाब’ म्हटले की पेडल दाबून धरायचे, निपल पाऊण वळसा सैल करायचा, बुडबुडे बाहेर आले की आवळायचा, मग ‘सोड’. निपल आवळण्याआधी पेडल सोडले, की सगळी हवा परत आत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आमच्या घरात या कामावरून जितके शब्द झडले तितके दुसऱ्या कोणत्याही कामावरून झडले नसतील. दरम्यान वरच्या डबीतले ऑइल खाली जाऊ देता कामा नये. बरणीतले बुडबुडे थांबले आणि पेडल टणक लागू लागले, की त्या चाकाचे काम झाले.

तिसरी आणि सध्याची सर्वांत मोठी चिंता इंधनाची. आपला जिल्हा उसाचा, साखर कारखान्यांचा आणि आसवनींचा; इथेनॉलच्या पैशांतून शेतकऱ्याचे ऊसबिल निघते हे मला ठाऊक आहे आणि त्या धोरणाला माझा विरोध नाही. परंतु पद्मिनीचे 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन, तिचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि तिच्या रबरी नळ्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत, हेही तितकेच खरे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि मऊ करते, टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवून पुढे ढकलते आणि हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि पाणी पुरेसे जमले, की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. तळाशीच तर पेट्रोल ओढण्याची नळी असते. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तिथे पांढुरकी पूड आणि हिरवट डाग दिसतात. तो जस्तमिश्रित धातू आणि पितळ खाल्ले गेल्याचा पुरावा असतो.

यावर करण्यासारखे बरेच आहे. टाकी उतरवून रिकामी करून आतून स्वच्छ करावी. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या, फ्लुओरोइलास्टोमर रबराच्या घ्याव्यात. बाजारात त्या ‘व्हायटॉन’ नावाने मागितल्या तर लगेच कळते. साध्या काळ्या नळीपेक्षा त्या महाग असतात, पण पुढे पेट्रोल इंजिनाच्या गरम मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) ठिबकून जो खर्च होऊ शकतो त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट-किट घेताना ते इथेनॉलला चालणारे आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. टाकीनंतर पारदर्शक फिल्टर बसवावा, म्हणजे काय वाहून येते ते डोळ्यांना दिसते. दर लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि मिश्रण पातळ पडते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), म्हणून इंजिन गरम पळू लागले आणि गाडी चढावर उचलेनाशी झाली, तर कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) एका मापाने मोठा करून पाहणे युक्त ठरते. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून आणि कार्ब्युरेटरची वाटी कोरडी करून ठेवावी.

ब्रिटनने सप्टेंबर 2021 मध्ये दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण केले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ‘सुपर’ दर्जाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण पाच टक्क्यांपर्यंतच ठेवले. आपल्याकडे प्रत्येक शहरात किमान एका पंपावर, जास्त दराने का होईना, असे कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळाले तर जुन्या दुचाकींच्या लाखो मालकांचीही सोय होईल. ही मागणी तेल कंपन्यांकडे करायला ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याने संकोचू नये.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा उल्लेख याच ओघात केला पाहिजे. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर गेला, की इंजिनालाच जोडलेल्या यांत्रिक पंपात पेट्रोलची वाफ होते आणि भर दुपारी सात रस्त्याच्या चौकात गाडी मुकाट्याने बंद पडते. पंपावर ओले फडके टाकण्याचा टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय आजही लागू पडतो, आणि त्यासाठी सोलापुरी टॉवेलहून योग्य वस्तू नाही. पंप आणि इंजिन यांमधला उष्णतारोधक तुकडा जाग्यावर आहे का, हे मात्र आधी पाहावे. अनेकदा तो कुणीतरी काढून टाकलेला असतो. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये, आपल्याकडच्या जड पाण्याची पुटे आतल्या नळ्यांत चढतात आणि मग तुळजापूरच्या घाटात काटा लाल रेषेला भिडतो. ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण घालावे. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरमच होणार नाही’ हा सल्ला आपल्याकडे फार मोकळ्या हाताने दिला जातो. तो ऐकू नये. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप; तिच्याविना इंजिन थंडीच्या सकाळी नीट तापतच नाही, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते आणि रिंगा अकाली झिजतात. गरम होण्याचे खरे कारण बहुधा बुजलेला रेडिएटर किंवा सैल फॅनबेल्ट असते.

वायरिंगबाबत थोडक्यात: जुन्या वायरींचे आवरण तडकून उघडे पडते आणि त्यात कुणी मोठा हॉर्न, कुणी म्युझिक सिस्टिम, कुणी प्रखर दिवे जोडून ठेवलेले असतात. असे सगळे जोड काढून टाकून मूळ आराखड्याप्रमाणे नवे वायरिंग करणे आणि बॅटरीपाशी तोडस्विच बसवणे हे आगीपासूनचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. लहान पावडर अग्निशामक सीटखाली असावाच. सीबी पॉइंट, कंडेन्सर, प्लग (हे ठिणगीचे भाग), टॅपेट (झडपांची फट) आणि किंगपिनला (पुढची चाके जिच्याभोवती वळतात त्या खिळीला) ग्रीस या नेहमीच्या गोष्टी मॅन्युअलमधल्या मापांप्रमाणे फीलर गेज (फट मोजण्याच्या पात्या) घेऊन कुणालाही शिकता येतात. नव्या गाडीत बोनेट उघडले की प्लॅस्टिकचे झाकण दिसते. पद्मिनीत प्रत्येक भागापर्यंत हात आणि पाना पोहोचतो, आणि शिकणाऱ्या मुलांसाठी तीच तिची मोठी किंमत आहे. फक्त दोन गोष्टींत हयगय नको: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, भक्कम लोखंडी स्टँड लावावेत, आणि पेट्रोलचे काम बंद खोलीत किंवा देवघरातला दिवा तेवत असलेल्या घराच्या पडवीत करू नये. निघालेले जुने ऑइल गटारात न ओतता कॅनमध्ये साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे.

रंग, गादीकाम आणि क्रोम यांविषयी मी काही लिहीत नाही. ते ज्याच्या त्याच्या हौसेचे आणि खिशाचे काम आहे. एवढेच, की रंग बदलला तर तशी नोंद आरटीओकडे करावी लागते, आणि इंजिन बदलले असेल तर त्याचीही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. डिझेल इंजिन बसवलेल्या, रुंद चाकांच्या, छत कापलेल्या गाडीच्या मालकाने वारसा म्हणून सवलत मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरक्षेसाठी केलेली भर मात्र वेगळी मानली जावी. पुढच्या आसनांना पट्टे बसवणे चांगलेच, पण ते कुजक्या पत्र्याला भोक पाडून नव्हे, आतून जाड लोखंडी पट्टी देऊन.

सुट्या भागांचा प्रश्न यापुढे कठीण होत जाणार आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती आणि तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. या टॅक्स्या धावत होत्या तोवर लायनर, बुश, क्लच प्लेट, कार्ब्युरेटर किट यांना हुकमी गिऱ्हाईक होते आणि त्या आधारावर आपल्यासारख्या गावांतली दुकानेही माल ठेवत. आता तो आधार सुटला. तरीही सोलापुरात हताश होण्याचे कारण नाही, कारण यंत्रमागाचे सुटे भाग घडवणारे लेथ आणि ते चालवणारे हात या शहरात आजही आहेत. नमुना आणि धातूची नीट माहिती दिली, तर पितळी बुश, पिन, स्पेसर, वॉटर पंपाचा शाफ्ट यांसारख्या वस्तू इथेच बनू शकतात. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र असे घडवून घेण्याच्या फंदात पडू नये. तिथे खात्रीचा तयार मालच हवा. आणि भंगारात निघणाऱ्या गाड्यांतून दिवे, काचा, दारांची कुलुपे, डॅशबोर्डचे मीटर आणि गिअरचा दांडा एवढे तरी इतर मालकांना मिळाले पाहिजेत. काच पुन्हा कुणी ओतून देणार नाही.

यासाठी स्थानिक पातळीवर तीन-चार गोष्टी सहज होऊ शकतात असे वाटते. आरटीओने तीस वर्षांवरील खासगी गाड्यांच्या नूतनीकरण-तपासणीसाठी महिन्यातून एक दिवस वेगळा ठेवला, तर गर्दीच्या दिवशी ट्रक आणि रिक्षांच्या रांगेत उन्हात उभी राहून गाडी तापण्याची वेळ येणार नाही आणि निरीक्षकालाही ब्रेक, स्टिअरिंग, पत्रा निवांतपणे पाहता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना एखादी पद्मिनी पूर्ण खोलून पुन्हा जोडायला दिली, तर संगणकाला तार न जोडता इंजिनाचा दोष कानाने आणि हाताने कसा शोधतात हे त्यांना कळेल. अभियांत्रिकी महाविद्यालयाने इथेनॉलचा जुन्या रबरांवर आणि कार्ब्युरेटरच्या धातूंवर होणारा परिणाम हा प्रकल्पाचा विषय म्हणून घ्यावा. कच्चा माल आणि जुन्या गाड्या दोन्ही आपल्याच जिल्ह्यात आहेत. आपल्या लोकप्रतिनिधींनी पन्नासऐवजी तीस वर्षांची मर्यादा आणि कमी इथेनॉलच्या पेट्रोलची मागणी दिल्लीपर्यंत न्यावी.

आणि वाचकांना एक विनंती. अनेक घरांत प्रीमियरची वर्कशॉप मॅन्युअल, मालकासाठीच्या पुस्तिका आणि सुट्या भागांचे कॅटलॉग जुन्या कपाटांत पडून आहेत, आणि गाडी विकली की ते रद्दीत जातात. ते रद्दीत न घालता जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या ताब्यात द्यावेत, निदान त्यांच्या छायाप्रती तरी तिथे ठेवू द्याव्यात. ज्यांच्या गाडीच्या नोंदणीची मुदत येत्या वर्षात संपत आहे, त्यांनी आजच आरसी बुक उघडून तारीख पाहावी.

कळावे.

आपला नम्र,
एक वाचक
रेल्वे लाइन्स, सोलापूर